उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रभूजवळ विसावा कसा घ्यावा

मुलांच्या परीक्षा संपल्या की पुण्यातल्या ख्रिस्ती घरांत दोन गोष्टींची आखणी सुरू होते: गावी कधी जायचं आणि मे महिन्यातली लग्नं कशी गाठायची. प्रार्थनेसाठी वेळ काढायचा, असं मनात असतं. पण त्याची तारीख कुणी ठरवत नाही. मग जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा आपण एप्रिलपेक्षा जास्त दमलेले असतो. म्हणून या सुट्टीत आत्मिक कार्यक्रमांची भर घालण्याआधी काही गोष्टी कमी करा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घेतल्या आहेत.

तिकिटं काढण्याआधी रविवार पाहा

शक्यतो रविवारी प्रवास ठेवू नका. कोकणात किंवा महाबळेश्वरला जाणार असाल तर तिथलं जवळचं चर्च कोणतं आणि उपासना किंवा मिसा किती वाजता असते, हे आपल्या पाळकांकडून किंवा फादरांकडून आधीच समजून घ्या. परक्या मंडळीत आपल्यावर कसलीच जबाबदारी नसते. शास्त्रवाचन नाही, गायनवृंद नाही, खुर्च्या लावणं नाही. वर्षभर सेवेत धावणाऱ्याला नुसतं बसून उपासना करायला मिळणं फार मोलाचं आहे.

पहिले दोन दिवस झोपा

ही पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते सगळं तिथेच बिघडतं. बायबलमध्ये १ राजे, अध्याय १९ काढून वाचा. कर्मेल डोंगरावर बआल देवाच्या संदेष्ट्यांवर मिळवलेल्या एवढ्या मोठ्या विजयानंतर एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि ‘आता पुरे, माझा प्राण घे’ असं देवाला म्हणतो. तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो आणि पुन्हा खायला लावतो, कारण पुढचा प्रवास त्याला झेपणारा नव्हता. त्यानंतर चाळीस दिवस चालून तो देवाच्या डोंगरावर, होरेबला पोहोचतो आणि तिथे त्याला देवाची मंद वाणी ऐकू येते.

तेव्हा पहाटेच्या प्रार्थनेचा गजर पहिल्या दिवशी लावू नका. पोटभर झोपा, साधं जेवा. घरातल्या गृहिणीलाही हे दोन दिवस मिळाले पाहिजेत, त्यामुळे स्वयंपाक सगळ्यांनी वाटून घ्या. नाहीतर सुट्टी फक्त इतरांची होते.

एकच शुभवर्तमान घ्या

वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याची योजना अर्धवट राहिली असेल तर ती सुट्टीत भरून काढू नका. शुभवर्तमान म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनाचं पुस्तक; त्यातल्या मार्ककृत शुभवर्तमानाचे १६ अध्याय आहेत. रोज एक वाचा. मोठ्याने वाचलं तर मन थाऱ्यावर राहतं. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा, तो भाग पुन्हा वाचा आणि त्यातलाच एक शब्द धरून प्रार्थना करा. रात्री जेवणानंतर मुलांसोबत रेव्हरंड ना. वा. टिळकांची एक-दोन गीतं म्हणा. त्यांनी प्रभूची भक्ती आपल्या अभंग-भजनांच्या चालीत आणली, त्यामुळे पेटी-तबला नसला तरी टाळ्यांवर जमतं.

अर्धा दिवस मौन

एक सकाळ ठरवा. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमासारख्या ठिकाणी आधी विचारून जाता येईल का ते पाहा. नाहीतर आपलंच चर्च आठवड्यात कधी उघडं असतं ते विचारा. मोकळ्या हवेत बरं वाटत असेल तर उन्हं चढण्याआधी वेताळ टेकडी गाठा, पाण्याची बाटली घ्या. मोबाइल घरी ठेवा आणि कधी परतणार ते सांगून निघा.

पहिला तासभर मन बँकेत, शाळेच्या फीत आणि नातेवाइकांच्या बोलण्यात फिरतं. तसं होणारच. जवळ एक कागद ठेवा, आठवलेलं काम त्यावर लिहून टाका आणि परत या. मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र वाचा; २३ किंवा १३१ चालेल, १३१ तर तीनच वचनांचं आहे. गेल्या वर्षात कुठे देवाचे आभार मानायचे राहिले आणि कुणाला क्षमा करायची राहिली, एवढं त्याच्यासमोर मांडा. दुसऱ्या प्रश्नावर घाई करू नका. त्या माणसाला सुट्टीतच भेटता आलं तर भेटा.

मुलांना केडगावला न्या

पुणे–दौंड मार्गावर, पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या स्त्रियांना आणि मुलींना इथेच आसरा दिला. त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनला आधी कळवून जा. वाटेत मुलांना सांगा की रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून पूर्ण झालं. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेतून मोठी आत्मिक जागृती झाली, तेही सांगा.

गाव अहिल्यानगर किंवा जालन्याकडे असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. आपल्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कुणाचा, तेव्हा काय सोसावं लागलं, हे विचारून लिहून घ्या. हे सांगू शकणारी माणसं आता थोडी आहेत.

पाहुणे आले तर

मार्कच्या सहाव्या अध्यायात येशू दमलेल्या शिष्यांना एकांती विसाव्याला नेतो, तर लोक पायी धावत त्यांच्याआधी तिथे पोहोचतात. त्याला त्यांचा कळवळा येतो आणि तो त्यांना शिकवू लागतो. पुढे संध्याकाळी, लोकांना निरोप दिल्यावर, तो डोंगरावर प्रार्थनेला जातो. ठरवलेल्या मौनाच्या सकाळी आत्याबाई दारात उभ्या राहिल्या तर चहा टाका, मनापासून बोला आणि मौन दुसऱ्या दिवशी ठेवा. रद्द मात्र करू नका.

शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी

यातली एकच गोष्ट पुढे चालू ठेवायला निवडा. बहुतेकांना सकाळची वीस मिनिटं झेपतात. डबे आणि रिक्षाच्या गडबडीआधी ती कुठे बसतात, हे सुट्टी असतानाच करून पाहा. घरच्यांना वेळ सांगून ठेवा आणि मार्क संपल्यावर लूककृत शुभवर्तमान उघडा.