गोव्यात हवेच्या आणीबाणीची तयारी कशी करावी

जानेवारी 2018 मध्ये चिखली येथे द्रवरूप अमोनियाचा टँकर मध्यरात्रीनंतर उलटला आणि आसपासच्या रहिवाशांना झोपेतून उठवून सुरक्षित जागी हलवावे लागले. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्य परिसरातील वणवे विझवण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. वायुगळतीत निर्णयासाठी मिनिटे मिळतात, तर वणव्याचा धूर दिवसेंदिवस रेंगाळतो. म्हणून दोन्हींसाठी एकच आराखडा पुरत नाही.

तयारीची सुरुवात आपल्या मोजमापाला किती वेळ लागतो हे तपासण्यापासून करावी. हस्तचलित निरीक्षण केंद्रांवर सर्वसाधारणपणे आठवड्यातून दोनदा, चोवीस तासांचा नमुना घेतात आणि फिल्टर कागद प्रयोगशाळेत तोलून धुळीचे प्रमाण काढतात. खनिज वाहतुकीच्या रस्त्यालगतचा कागद तांबूस आणि कोळसा हाताळणीजवळचा काळसर दिसू लागला, की अनुभवी कर्मचारी तोलण्याआधीच काय ते ओळखतो. संथपणे वाढणारे प्रदूषण समजून घेण्यास ही पद्धत उत्तम आहे. आगीच्या दिवशी मात्र तिचा उपयोग नाही. हवा गुणवत्ता निर्देशांकातही धुळीची चोवीस तासांची सरासरी धरलेली असते. समजा, तीन तास सूक्ष्म धूलिकण घनमीटरला 400 मायक्रोग्रॅम आणि उरलेले एकवीस तास 40 राहिले, तर सरासरी 85 येते आणि दिवस ‘मध्यम’ ठरतो. त्या तीन तासांत दम्याच्या रुग्णाचे काय झाले, हे त्या शब्दातून कळत नाही. म्हणून आणीबाणीत ताशी आकडे पाहावेत, निर्णय कोणत्या आकड्यावर घ्यायचा हे आधीच लिहून ठेवावे आणि हाती धरता येणारी वायुशोधक उपकरणे चार्ज करून, तपासून ठेवावीत.

त्यानंतर कोठे काय साठवले आहे याची यादी करावी. मोठे कारखाने सहसा सुटत नाहीत. सुटतात ती अमोनियावर चालणारी बर्फाची व मासळी गोठवण्याची केंद्रे. प्रत्येक ठिकाणासमोर वस्ती, शाळा आणि वाऱ्याची दिशा नोंदवावी. किनाऱ्यालगत दिवसा खारे वारे वायू जमिनीकडे ढकलतात, तर रात्री मतलई वारे तो समुद्राकडे नेतात. त्यामुळे एकाच कारखान्यासाठी दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन नकाशे लागतात. पावसाळ्यातील नैर्ऋत्य वाऱ्यांचा नकाशा आणखी वेगळा.

अधिकारांची वाटणीही आधीच स्पष्ट असावी. 1981 च्या वायू प्रदूषण कायद्याच्या कलम 23 नुसार अपघातामुळे मर्यादेपलीकडे उत्सर्जन झाल्यास, किंवा तशी शक्यता असल्यास, जागेच्या प्रभारी व्यक्तीने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवणे बंधनकारक आहे, आणि 1996 च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनुसार जिल्हा संकटगटाचे नेतृत्व जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. कागदावर हे सर्व नेटके दिसते. प्रत्यक्षात यादीतला अधिकारी वर्षापूर्वीच बदलून गेलेला असतो. दर तिमाहीत प्रत्येक क्रमांकावर खरोखर फोन करून पाहावा, तोही रात्री.

नव्याने उद्भवणाऱ्या प्रश्नांसाठी आधीची नोंद महत्त्वाची असते. एखाद्या मार्गावर खनिज वाहतूक पुन्हा सुरू होणार असेल, तर ट्रक धावण्यापूर्वीच्या धुळीची मोजणी करून ठेवावी, अन्यथा वाढ सिद्ध करता येत नाही. प्रकाशाच्या साहाय्याने धूळ मोजणारे स्वस्त संवेदक गावोगावी बसवणे सोपे आहे, परंतु दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि असे संवेदक धूळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. किनाऱ्यावरचे आकडे प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून दुरुस्त केल्याशिवाय जाहीर करू नयेत.

लोकांसाठीचा संदेश मराठी, कोकणी आणि इंग्रजीत आधीच तयार असावा, त्यात केवळ ठिकाण आणि वेळ भरायची राहावी. अमोनियाच्या गळतीत वाऱ्याला आडवे, म्हणजे त्याच्या दिशेशी काटकोनात चालत दूर जावे, नाका-तोंडावर ओले फडके धरावे. वणव्याच्या धुरात दारे-खिडक्या बंद करून घरात थांबावे. या दोन सूचनांची सरमिसळ होऊ नये, यासाठी त्या वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर छापून पंचायतीत ठेवाव्यात.