न्यूरो रिहॅबमधलं पहिलं वर्ष

"ओटी" म्हटलं की नातेवाइकांचा चेहरा उतरतो. "परत ऑपरेशन का मॅडम?" त्यामुळे पहिल्या दिवशी जायच्या आधी उत्तर तयार ठेवा: ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, तुमच्या माणसाला पुन्हा आंघोळ, जेवण, कामधंदा जमावा म्हणून आलेय. १९५० साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये कमलाबाई निंबकरांनी या विषयाचं शिक्षण सुरू केलं. बाई जन्माने अमेरिकन, लग्नाने इथल्या. त्यांनाही हेच समजावत बसावं लागलं असणार.

मी तेरा वर्षं मेंदूच्या दुखापतीचे पेशंट बघतेय. बहुतेक दुचाकीवरून पडलेले, काही बांधकामावरून, एखादा नारळाच्या झाडावरून. दर वर्षी इंटर्नशिप संपली की दोन-चार जणांचे फोन येतात, "मॅम, न्यूरोला (म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेच्या विभागात) थेरपिस्ट म्हणून लागलेय, काय वाचू?" वाचायचं कॉलेजने सांगितलेलं असतंच. हे त्याच्या पलीकडचं. (पेशंटचे तपशील बदललेत. तुम्हीही कुठे सांगताना बदलत जा. आपल्याकडे कुणाचा तरी मेव्हणा ऐकत असतोच.)

माझ्या सीनियर मॅडमनी पहिलं वर्षभर मला एकच गोष्ट घोटून घेतली: हात पाठीमागे. शब्दशः. पेशंट काम करत असताना मी मागे हात बांधून उभी राहायचे, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

त्याचं कारण एक चहा. चाळिशीचे गृहस्थ, पतसंस्थेत हिशेबनीस. चालत होते, दोन्ही हात छान, बोलणं अगदी अदबीचं. घरचे म्हणत होते, "आता काय राहिलंय? सोडा की घरी." डिपार्टमेंटमध्ये एका शेगडीचं छोटं स्वयंपाकघर होतं. मी त्यांना म्हटलं, दोन कप चहा करा. त्यांनी पाणी मोजून घातलं, गॅस पेटवला, साखर घातली. मग चहाची पूड शोधायला लागले. डबा समोर, हातभरावर. त्यांनी परत साखरेचा डबा उचलला, परत दोन चमचे घातले आणि उकळणाऱ्या पाण्याकडे बघत उभे राहिले. मला काही ते बघवेना. मी पुडीचा डबा त्यांच्या हातात दिला. "हां, तेच शोधत होतो," म्हणाले आणि पुढचा चहा फक्कड केला. मी केसपेपरवर लिहिलं: चहा स्वतंत्रपणे करता येतो.

मॅडमनी एक घोट घेतला, गोडाने तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "चहा कुणी केला?"

"पेशंटने."

"डबा कुणी दिला?"

मग मला उमगलं ते असं. हे गृहस्थ अडकल्यावर आपले आपण सुटतात का, किती वेळाने, की नुसते उभेच राहतात, एवढंच त्या दिवशी बघायचं होतं. ते मी दहा सेकंदांत मोडून टाकलं. घरी डबा हातात द्यायला कोणी नसणार, आणि पाणी आटून पातेलं करपणार. नवीन थेरपिस्टच्या हाताला मदतीची खाज असते. चांगली मुलं असतात म्हणूनच असते. पण मेंदूच्या दुखापतीत पेशंटची खरी अडचण आपल्या मदतीखाली झाकली जाते, आणि ती झाकली की रिपोर्ट खोटा होतो.

याचा अर्थ पेशंटला भाजू द्यायचं असा नाही. सुरू करण्याआधी मनाशी ठरवा, मी कुठे मध्ये पडणार: गॅस उघडा राहिला, हात वाफेत गेला, तिथे लगेच. बाकी ठिकाणी पायरीपायरीने. आधी नुसतं थांबा, आणि हे थांबणं घड्याळावर मोजा, कारण आपल्याला वीस सेकंद म्हणजे युग वाटतं. मग "आता पुढे काय?" मग "काही राहिलंय का?" मग बोट दाखवा. मग सांगा. हातात देणं सगळ्यात शेवटी. आणि कुठल्या पायरीवर गाडी पुढे सरकली ते लिहा. "मदत लागते" या दोन शब्दांतून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. "पूड घालायच्या टप्प्यावर ४० सेकंद थांबले, 'पुढे काय' विचारल्यावरही नाही, बोट दाखवल्यावर उचलली" यातून सगळं कळतं. दोन आठवड्यांनी तेच गृहस्थ "पुढे काय" एवढ्यावर उचलायला लागले, तर ती प्रगती आहे, आणि ती कागदावर दिसते.

आता वॉर्ड. पेशंटला हात लावण्याआधी पूर्ण केसपेपर वाचा. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे ते मोजायचे गुण, १९७४ साली आलं आणि आता सगळीकडे आहे: कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५, ८ किंवा खाली म्हणजे गंभीर. पण गळ्यात श्वासासाठी ट्रॅकिओस्टोमीची नळी असेल तर बोलण्याचे गुण मोजताच येत नाहीत, तिथे 'टी' लिहिलेला असतो. तो न बघता आकड्यावरून माणूस जोखू नका. फिट्स आल्या होत्या का, औषध कुठलं, बघा. आणि कवटीचं हाड काढून ठेवलंय का, हे तर नक्की. अनेक ठिकाणी ते पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात. नातेवाईक हळूच विचारतात, "डोक्याचं हाड पोटात विरघळत नाही ना?" हसू नका. डोक्याचं हाड काढलेल्या बाजूवर झोपवायचं नाही, उठवून बसवताना, चालवताना हेल्मेट हवंच. डोक्याची ती बाजू आत गेलेली बघून पहिल्यांदा पोटात कालवतं. माझ्याही कालवलं होतं.

मग येतो तो टप्पा ज्याला वॉर्डात सगळे नुसतं "रँचो चार" म्हणतात. मेंदूच्या दुखापतीतून सावरण्याच्या, कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस हॉस्पिटलने ठरवलेल्या पायऱ्यांमधली ही चौथी: पेशंट जागा झालाय, गोंधळलेला आहे, चवताळलेला आहे. नळ्या ओढतो, शिव्या देतो, बायकोला ओळखत नाही. माझा एक चष्मा याच पायरीवर गेला. आपल्याकडे नेमकं तेव्हाच गावाहून जीपभर माणसं भेटायला येतात आणि प्रत्येक जण कानाशी जाऊन ओरडतो, "मला ओळखलंस का?" इथे तुमची थेरपी म्हणजे खोली शांत करणं. एका वेळी एक माणूस, एक आवाज, टीव्ही बंद, ट्यूबलाइट बंद, सेशन पाच-सात मिनिटं. घरातला जो शांत माणूस असेल, बहुतेक वेळा आई किंवा धाकटी बहीण, तिला हाताशी धरा. सिस्टर आणि मावशींनाही सांगा, कारण तुम्ही दिवसातून अर्धा तास असता, त्या बारा तास.

मावशी-मामांचं निघालंच आहे तर: लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून पेशंटला ओढण्याची सवय मोडायला वेळ द्या. खांदा निखळला की महिनोन् महिने दुखतो, आणि दुखऱ्या खांद्याचा पेशंट कुठलीच थेरपी करू देत नाही. लेक्चर देऊ नका. मामांच्या बरोबर तुम्ही स्वतः पेशंट सरकवा, चार दिवस.

गोंधळाच्या काळात रोज तेच चार प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवा: आपण कुठे आहोत, कुठला महिना, सकाळी काय खाल्लं, मी कोण. तारीख आजीबाईंना अपघाताच्या आधीही माहीत नसते. त्यांना विचारा, "गणपती होऊन गेले की यायचेत?" आठवणी दिवसागणिक पुन्हा साठायला लागायला किती काळ लागला, यावरून पुढच्या वाटचालीचा बराच अंदाज येतो.

आणि ते "आठव ना, आठवून बघ" थांबवा. नातेवाईक करतात, आपणही करतो. ज्याची स्मरणशक्ती गेलीय त्याने अंदाजाने चुकीचं नाव घेतलं की तीच चूक पक्की होत जाते. बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की अशा पेशंटना चुकूच न देता शिकवलं तर जास्त राहतं. उत्तर आधी सांगा, मग म्हणवून घ्या, मग हळूहळू शब्द गाळा.

सगळ्यात अवघड पेशंट कोण? ज्याला काहीच झालेलं नाही असं त्याला वाटतं. "मी उद्यापासून गाडी चालवतो." घरचे म्हणतात हट्टी झालाय, मुद्दाम करतो. हट्ट नसतो हो. आपलं काय बिघडलंय हे सांगणारा भागच बिघडलेला असतो. वाद घालून कोणी जिंकलेलं मी पाहिलं नाही. मी काम सुरू करण्याआधी त्यांनाच लिहायला लावते: किती मिनिटं लागतील, किती चुका होतील. मग काम, मग त्यांच्याच अक्षरातला कागद त्यांच्याच पुढे. मी गप्प. हिशेबनीस गृहस्थांनी "५ मिनिटं, ० चुका" लिहिलं होतं, लागली एकोणीस. तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

मुलींसाठी एक, कॉलेजात कोणी सांगत नाही म्हणून. कपाळामागच्या भागाला मार बसलेला पुरुष पेशंट अचकटविचकट बोलेल, हात लावेल. घाबरून हसू नका. एका वाक्यात, सपाट आवाजात: "हे चालणार नाही." सेशन तिथेच थांबवा, टीमला सांगा, केसपेपरवर लिहा, पुढच्या वेळी दुसरी व्यक्ती सोबत घ्या. आजारामुळे होतं हे खरं, आणि तुम्ही ते सोसायचं नाही हेही खरं. "अगं पेशंट आहे तो" म्हणणारे सीनियर भेटतील. मलाही भेटले.

नोंदींचं अजून एक. अपघाताची केस म्हटली की मोटार अपघात दावा आला, आणि तुमचा कागद उद्या वकिलाच्या हातात असू शकतो. "मॅडम, टक्के जरा जास्त लिहा" असं कोणीतरी म्हणणारच. अपंगत्वाचा टक्का ठरवणं आपलं काम नाही. ते प्रमाणपत्र ठरलेले डॉक्टर देतात, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आरक्षण वगैरे लागू होतं, ही माहिती द्या आणि थांबा. आपण पाहिलं तेवढंच लिहायचं, तारखेसह. आणि पेशंटचा चालतानाचा व्हिडिओ कितीही छान आला तरी लेखी संमतीशिवाय व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. ग्रुप फक्त थेरपिस्टचा असला, तरीही.

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षी एका तरुण मुलाला मी "आंघोळ स्वतंत्र" लिहून घरी पाठवलं. वॉर्डात तो खरंच शॉवरखाली स्टुलावर बसून नीट आंघोळ करायचा. आठवड्याने वडिलांचा फोन: पोरगा न्हाणीघरात पडला, हनुवटीला टाके. मी घरी गेले. न्हाणीला चार इंचांचा उंबरा, आत गुळगुळीत शहाबादी फरशी, पाणी चुलीवर तापवून बादलीने आणायचं, विसण घालायचं, उकिडवं बसायचं. यातलं एकही काम मी त्याच्याकडून करून घेतलं नव्हतं. वडील चिडले नाहीत. "तुम्ही बघितलंच नव्हतं ना," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून डिस्चार्जआधी मी घराचे फोटो मागवते: न्हाणी, संडास, पायऱ्या, झोपायची जागा. शक्य तिथे स्वतः जाते. होम व्हिजिटला एकट्या जाणार असाल तर पत्ता आणि परतायची वेळ डिपार्टमेंटमध्ये सांगून निघा, फी आधी ठरवून घ्या. घरात गेल्यावर खुर्ची पुढे करतील, पोहे येतील. आधी न्हाणी बघा, मग स्वयंपाकघर, पोहे त्यानंतर. उलट केलंत तर संकोचापोटी न्हाणी बघायची राहून जाते.