छत एकच, संसार वेगळा: घटस्फोटाच्या काळात एका घरात राहताना

दोघांच्या नावावर गृहकर्ज असलेला पुण्या-मुंबईतला वन बीएचके आणि शिवाय दुसरे घरभाडे, हे गणित फारच थोड्यांना जमते. म्हणून घटस्फोट ठरल्यावरही अनेक जोडपी त्याच घरात राहतात, आणि कायद्याला त्याचे वावडे नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५च्या कलम १३-ब नुसार परस्पर संमतीच्या अर्जाआधी किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते. मात्र विभक्त राहणे म्हणजे पती-पत्नीचे नाते न ठेवता राहणे, त्यासाठी छत वेगळे असलेच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुरेष्टा देवी प्रकरणात स्पष्ट केले.

त्यामुळे सर्वप्रथम विभक्त होण्याची तारीख ठरवून ती दोघांच्या सहीने कागदावर आणावी. बेडरूम एकाला आणि हॉल दुसऱ्याला, अशी वाटणी सहसा निभते. खरी कसोटी लागते ती स्वयंपाकघरात. एकाने सवयीने दोघांची कणीक मळली की जुन्या अपेक्षाही परततात आणि रात्री त्यावरूनच भांडण होते, म्हणून गॅसच्या वेळा आणि फ्रिजचे कप्पे वाटून घेण्यात कोणताही कोतेपणा मानू नये. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर आजवर दुधाच्या पिशव्यांचा हिशेब राहिला, त्याच चौकटींत मुलाला शाळेच्या बसपर्यंत कोण सोडणार आणि डबा कोण करणार, हे लिहावे. मुलाला निरोप्या मात्र करू नये.

पगार स्वतंत्र खात्यांत वळवून संयुक्त खाते केवळ हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स आणि शाळेची फी यांपुरते ठेवावे. तुमचा आपसातला करार बँकेवर बंधनकारक नसतो. हप्ता चुकला तर दोघांचाही सिबिल स्कोअर घसरतो. लॉकरमधील दागिन्यांची फोटोंसह यादी करावी, कारण स्त्रीधनावर हक्क पत्नीचाच असतो.

हे सारे दोघांना एकमेकांची भीती नसेल तरच. मारहाण किंवा धमक्या असतील तर १८१ किंवा ११२ वर फोन करावा. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५च्या कलम १७ नुसार घर पतीच्या नावावर असले तरी पत्नीला त्यात राहण्याचा हक्क आहे आणि कलम १९ खाली न्यायालय पतीलाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकते. क्रूरतेच्या कारणावरून दावा करायचा असल्यास एकत्र राहण्यापूर्वी वकिलांशी बोलावे, कारण वागणूक माफ केली होती, असा बचाव समोरून घेतला जाऊ शकतो.

अर्जात दोघांचा पत्ता एकच दिसेल. तो लपवण्यासाठी माहेरचा पत्ता देण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. तो ऐकू नये, आणि एका घरात वेगळे कसे राहतो हे अर्जातच सविस्तर लिहावे.