जुनी इलेक्ट्रिक गिटार घरी वाजती करताना

जुनी गिटार हाती आली की बहुतेकजण आधी रंगाकडे बघतात. पॉलिश पेपर आणतात, बॉडी घासायला घेतात, आणि महिन्याभराने चकचकीत पण मुकी गिटार भिंतीला टेकून उभी असते. माझं सांगणं असं, की आधी आवाज आणि मग रूप. रंगाचे उडालेले टवके, मनगटाने झिजलेली कड हे सगळं कुणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या वाजवण्याने झालेलं असतं. ते घासून काढलं की परत येत नाही. आतली तुटलेली वायर मात्र अर्ध्या तासात जोडता येते.

मला पुण्यात रविवारच्या जुन्या बाजारात मिळालेली गिटार तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारं, चुंबकाभोवती तारेचे वेढे घातलेलं यंत्र), स्ट्रॅटोकास्टर धाटणीची होती. विकणाऱ्याने 'लाइन बंद आहे' एवढंच सांगितलं. हा आराखडा फेंडर या अमेरिकन कंपनीने १९५४ साली आणला आणि आतली जोडणी अजून जवळपास तशीच आहे. त्यामुळे गिटार देशी असो की परदेशी, पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची प्लास्टिकची पाटी, उघडला की नकाशा बराचसा ओळखीचा निघतो. पुढचं सगळं याच धाटणीला धरून लिहिलं आहे.

उघडण्याआधी ऐका

गिटार ॲम्पला जोडा आणि तारा न छेडता फक्त ऐका. नॉब फिरवताना खरखर आली तर पॉटमध्ये, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रोधात, धूळ आणि गंज आहे. केबल वाकडी धरली तरच आवाज येत असेल तर जॅक (केबल खोचायची जागा) सैल आहे किंवा त्याचा डाख (सोल्डर) सुटला आहे. घुंऽऽ असा आवाज तारांना हात लावल्यावर कमी झाला, तर अर्थची वायर शाबूत आहे. हात लावून काहीच फरक पडला नाही तर ब्रिजकडे, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या धातूच्या भागाकडे, जाणारी वायर तुटलेली असणार. हात लावल्यावर आवाज वाढला तर जॅकवरच्या दोन वायरी कुणीतरी उलट जोडल्या आहेत का, ते बघा.

यानंतर मल्टिमीटर घ्या. गिटारमध्ये केबल खोचा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, मीटर २० किलोओहमवर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या पिनचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये मोजा. सिंगल कॉइल पिकअप साधारण ५.५ ते ७ किलोओहम दाखवतो. मीटर किंचित कमी दाखवेल, कारण व्हॉल्यूमचा पॉट त्याला समांतर जोडलेला असतो. पिकअप निवडायच्या स्विचच्या पाचही जागांवर आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर तो सुमारे निम्मा येतो, कारण तिथे दोन पिकअप समांतर चालतात. एक स्क्रूही न काढता कुठला पिकअप जिवंत आहे ते असं कळतं. माझ्या गिटारीत कुठल्याच जागेवर आकडा येईना. तिन्ही पिकअप एकदम जात नाहीत, म्हणून आधी जॅक उघडला. टोकाकडे जाणारी वायर तुटून लोंबत होती.

एखादाच पिकअप काही दाखवत नसेल, तर आधी त्याच्या वायरी जिथे कॉइलला जोडल्या आहेत ती जागा भिंगाने बघा. कॉइलची तार केसापेक्षा बारीक असते आणि तिचे हजारो वेढे असतात. तुटलेलं टोक बाहेर दिसत असेल तर जोडता येतं. तूट आत असेल तर दुसरा पिकअप बसवा. नवख्याने घरी वेढे घालण्याच्या फंदात पडू नये.

सामान

इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं सामान बुधवार पेठेत, तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास मिळून जातं. स्क्रू, ॲलन की, पॉलिश पेपर यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी आहे. दुकानात नुसतं 'पॉट द्या' म्हणू नका, जुना पॉट काढून बरोबर न्या. शाफ्टची जाडी आणि पिकगार्डचं भोक जुळलं नाही तर नॉब बसत नाही. सिंगल कॉइलला २५० किलोओहम लागतो, हमबकर (दोन कॉइलच्या) पिकअपला ५००. ओहमचा आकडा जितका कमी तितका वरच्या पट्टीचा झगझगीतपणा कमी होतो, म्हणून हा फरक. २५० मिळाला नाही तर २२० आणि ५०० च्या जागी ४७० खुशाल चालतो. व्हॉल्यूमसाठी लॉग पॉट मागा, त्यावर बहुधा 'ए' छापलेलं असतं. 'बी' म्हणजे लिनियर. तोही चालतो, पण नॉब फिरवताना आवाजाचा चढउतार कानाला सलग वाटत नाही.

टोनचा कंडेन्सर पॉलिएस्टरचा घ्या. २२३ छापलेला म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड, ४७३ म्हणजे ०.०४७. मला २२३ आवडतो, टोन पूर्ण बंद केला तरी स्वर गुदमरत नाही. इथे व्होल्टेज नगण्य असतं, त्यामुळे जास्त व्होल्टच्या महागड्या कंडेन्सरवर पैसे घालवू नका.

डाख देणं

तारा आधी ढिल्या करा, मगच कापा. ताणलेली तार कापली तर डोळ्याकडे उडते. पिकगार्ड उलटा करून फोटो काढा, आणि फोटो असला तरी कागदावर हाताने नकाशा काढाच. काढताना प्रत्येक वायर कुठून कुठे जाते याचा विचार करावा लागतो, आणि अर्ध्या चुका तिथेच सापडतात.

जोडणीचा मार्ग असा: पिकअपची गरम (सिग्नल वाहणारी) वायर स्विचला, स्विचमधून व्हॉल्यूम पॉटच्या एका कडेच्या पायाला, मधल्या पायातून जॅकच्या टोकाला. उरलेला तिसरा पाय पॉटच्या पाठीला डाखायचा, ती पाठ म्हणजे अर्थ. तिन्ही पिकअपच्या काळ्या वायरी, ब्रिजची वायर आणि जॅकचा दांडा हे सगळं अर्थला. टोनचे पॉट स्विचच्या दुसऱ्या बाजूने जोडलेले असतात, आणि कंडेन्सर तिथून अर्थकडे जातो.

सगळ्यांची अडचण होते ती पॉटच्या पाठीवर. तो पत्रा उष्णता शोषतो. मी पहिल्यांदा २५ वॉटचं आयर्न घेऊन बराच वेळ टेकवून बसलो. डाख लागला, पण आतला ट्रॅक भाजला आणि पॉट कायमचा जड झाला. इथे ४० ते ६० वॉटचं आयर्न लागतं, आणि काम दोन-तीन सेकंदांत उरकायचं. पाठ पॉलिश पेपरने खरवडा, थोडा फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायची पेस्ट) लावा, आधी नुसता डाखाचा ठिपका द्या, वायरीच्या टोकालाही डाख चढवून घ्या, मग दोन्ही एकत्र तापवा. आयर्न काढल्यावर डाख गोठेपर्यंत वायर हलता कामा नये. सांधा गुळगुळीत, चमकदार दिसायला हवा. मळकट, दाणेदार दिसला तर तो ड्राय सोल्डर, पुन्हा तापवा. धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवा. ६०/४० डाखात शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नका.

नुसती खरखर असेल तर पॉट बदलायची गरज नसते. पायांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. स्विचच्या पात्यांनाही तेच.

झाकण लावण्याआधी ॲम्प जोडून स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हलकेच टकटक करा. ज्या जागेवर जो पिकअप हवा, त्याचीच टकटक ऐकू आली पाहिजे. दोन पिकअप एकत्र असताना आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा वाटला तर त्यातल्या एकाच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

अर्थिंगची गोष्ट

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. गिटारीत स्वतःची वीज नसते, पण ब्रिजच्या वायरीमुळे तारा, म्हणजे तुमची बोटं, थेट ॲम्पच्या अर्थला जोडली जातात. पेठेतल्या जुन्या वाड्यांत, जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थची वायर असेलच असं नाही. ॲम्पच्या उघड्या धातूला टेस्टर लावल्यावर तो पेटला, तर गिटार जोडू नका, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. तिसरी पिन तोडून घुंऽऽ घालवण्याचा सल्ला गणपतीच्या मांडवात आजही ऐकू येतो. तो जीवघेणा आहे.

तारा चढवल्यावर

फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) स्टील वूलने चमकवायचे असतील तर पिकअप आधी टेपने पूर्ण झाका. लोखंडी तुसं चुंबकाला चिकटली की निघत नाहीत. रोझवूडच्या फ्रेटबोर्डला मिनरल ऑइलचे दोन थेंब पुरतात. घरातलं गोडं तेल लावू नका, चिकट होऊन धूळ धरतं.

मान सरळ करण्याचा ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवायचा, आणि जड वाटला तर तिथेच थांबायचं. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबल्यावर सातव्याआठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात जाड कागदाएवढी फट हवी. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दोन मिलिमीटरच्या आत-बाहेर ठेवा. सतारीला जवारी लागते, इथे मात्र ती झणझण नको. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरा असेल तर पुढे.

पुण्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि मान हलते, म्हणून जूनमध्ये लावलेली गिटार ऑगस्टमध्ये पुन्हा तपासा. तेव्हा पिकगार्ड उघडावा लागत नाही, एक ॲलन की आणि ट्यूनर पुरतो.