दोन हायस्कूलचा एक फुटबॉल संघ करताय? या चुका टाळा

अमेरिकेच्या ग्रामीण भागात पटसंख्या घटली की शेजारच्या दोन हायस्कूलना मिळून एकच फुटबॉल संघ उतरवावा लागतो. फुटबॉल म्हणजे तिकडचा, हेल्मेटवाला. गेल्या वर्षापर्यंत शुक्रवारी रात्री एकमेकांना लोळवणारी पोरं आता एकाच जर्सीत. कोल्हापुरात पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लब या कट्टर फुटबॉल संघांचा एक संघ करायचा म्हटलं तर पेठांत काय होईल, तसंच काहीसं तिथल्या गावांत होतं.

दोन मुख्य प्रशिक्षक ठेवणे

कुणी दुखावू नये म्हणून दोघांनाही सारखाच मान दिला जातो. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. १९४३ मध्ये महायुद्धामुळे खेळाडू कमी पडले, तेव्हा पिट्सबर्ग स्टीलर्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघांनी एक हंगाम एकत्र काढला. लोक त्यांना 'स्टीगल्स' म्हणत. ग्रीझी नील आणि वॉल्ट कीसलिंग या दोन प्रशिक्षकांचं अजिबात पटेना. शेवटी नीलकडे आक्रमण आणि कीसलिंगकडे बचाव अशी वाटणी झाली. ५ विजय, ४ पराभव, १ बरोबरी, म्हणजे निभावलं. पण ती पगारी, जाणती माणसं होती. सोळा वर्षांच्या पोराला दोन सर दोन गोष्टी सांगू लागले की तो आपल्या जुन्या शाळेच्या सरांचंच ऐकणार.

व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात १९७१ मध्ये शहरातल्या तीन हायस्कूलची वरच्या दोन इयत्तांची मुलं टी. सी. विल्यम्समध्ये एकत्र आणली. मुख्य प्रशिक्षक कृष्णवर्णीय हर्मन बून, आणि शहरात आधीपासून नाव असलेले गोरे बिल योस्ट त्यांचे सहायक. नाराजी भरपूर होती, पण शेवटचा शब्द कुणाचा हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. तेरापैकी तेरा सामने जिंकून संघ राज्यविजेता झाला. (याच संघावरच्या 'रिमेंबर द टायटन्स' सिनेमात पोरांना रात्री यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीकडे पळवतात आणि तिथल्या भाषणाने सगळे एक होतात. ती धाव पटकथेतली. भाषणावर विसंबू नका.)

खेळाची भाषा तशीच सोडणे

लक्षण: पहिल्याच सरावात सगळे एकमेकांवर आदळतात. पोरांची खुन्नस, असं म्हणून प्रशिक्षक शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावतात. आधी डावांचे आकडे तपासा. 'चौतीस' म्हणजे तीन नंबरच्या खेळाडूने चेंडू घेऊन पुढच्या फळीतल्या चार नंबरच्या फटीतून घुसायचं. एका शाळेत सम आकडे उजवीकडे, दुसरीत डावीकडे. चेंडू उजवीकडे धावतो आणि अर्धी फळी डावीकडे वाट मोकळी करते! चेंडू खेळात आणताना दिल्या जाणाऱ्या 'हट' या आरोळीचंही तेच: कुणाला पहिल्यावर सुटायची सवय, कुणाला दुसऱ्यावर, आणि आधी हललं की पाच यार्डांचा दंड. उपाय सोपा आहे. दोन्ही शाळांच्या डावांच्या वह्या बाजूला ठेवा, छोटी नवी वही करा आणि उन्हाळ्यातच पाठ करून घ्या. कुणा एका शाळेची वही उचलली, तर दुसरीची पोरं आपसूक राखीव बाकावर जातात.

पट न मोजणे

बऱ्याच राज्यांत स्पर्धेचा गट पटसंख्येवर ठरतो आणि संयुक्त संघासाठी दोन्ही शाळांचा पट जोडला जातो. दहा-बारा खेळाडू वाढले म्हणून खूश व्हावं, तर गाठ पडते थेट वरच्या गटातल्या मोठ्या शाळांशी. करारावर सही करण्याआधी राज्य संघटनेचा नियम वाचा.

रंग आणि नाव

यात महिने घालवू नका. दोन्ही जुनी नावं सोडा, मुलांना मत देऊ द्या, माजी विद्यार्थ्यांना नको.

बसचं वेळापत्रक शेवटी ठरवणे

सराव कायम एकाच मैदानावर ठेवला की दुसऱ्या गावची मुलं रोज उशिरा पोचतात, उशिरा घरी जातात आणि महिन्याभरात गळू लागतात. आठवडे आलटून-पालटून घ्या. ते जमत नसेल, तर निदान उशिराच्या बसचे पैसे दोन्ही शाळांनी निम्मे-निम्मे भरायचे, हे करारातच लिहून ठेवा.