लाइनवर चाक बसवताना: आधी बोटं, मग बंदूक

चाकण-रांजणगावच्या गाड्यांच्या कारखान्यांत नव्याने लाइनवर उभं राहणाऱ्याला चाकाचं स्टेशन सोपं वाटतं. चाक उचला, बोल्टांवर चढवा, नट आवळा. वेळ मात्र मोजून मिळतो. ८ तासांच्या शिफ्टमधून जेवण-चहाची ५० मिनिटं गेली की उरतात ४३० मिनिटं. तेवढ्यात ४३० गाड्या काढायच्या तर एका गाडीला ६० सेकंद. घाई होते ती इथेच, आणि चूक होते नटाच्या पहिल्या दोन आट्यांत.

आधी हब (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) पाहा. चाक टेकतं त्या जागी रंगाचा ओघळ किंवा वेल्डिंगचा कण राहिला, तर आवळताना सगळं घट्ट वाटतं. गाडी धावली की तो थर दबतो आणि नट सैल पडतो. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला (आवळायच्या पिळाच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो.

प्रत्येक नट हाताने दोन-तीन फेरे चढवा. सरळ लागलेला नट चिमटीत अलगद फिरतो. अर्ध्या फेऱ्यातच अडला तर तो तिरका चढलाय: उलटा फिरवून काढा, पुन्हा लावा. बंदुकीने, म्हणजे नट आवळणाऱ्या यंत्राने (नट-रनरने), रेटलात तर नट आट्यांतच जाम होतो, टॉर्क पुरा भरतो, हिरवा दिवाही लागतो, पण चाक हबवर दाबलेलं नसतं. टॉर्कबरोबर कोनही मोजणारा नट-रनर ही चूक पकडतो, नुसता टॉर्क पाहणारा नाही.

सगळे नट एकदम आवळणारं यंत्र नसेल तर समोरासमोरचे घ्या. पाच असतील तर १-३-५-२-४. पहिल्या फेरीत निम्मा टॉर्क, दुसरीत पूर्ण. लहान गाड्यांच्या एम-१२ (१२ मिमी बोल्टाच्या) नटांना साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, तरी आकडा स्टेशनवर लावलेल्या कागदाचाच खरा.

तपासणीला क्लिक रेंच (ठरवलेला टॉर्क आला की ‘टिक्’ करणारा पाना) पुरत नाही; नट जास्त आवळला असला तरी ती ‘टिक्’ करतेच. डायल किंवा डिजिटल रेंच आवळायच्या दिशेनेच हळू ओढा, नट किंचित हलेल त्या क्षणाचा आकडा टिपा, मग मार्करची खूण करा.

शंका आली तर अँडनची, म्हणजे अडचण कळवून मदत बोलावायची, दोरी ओढा. पुढच्या स्टेशनवर चाकाला कॅप बसते, आणि त्याखालचा तिरका नट मग कुणालाच दिसत नाही.