मळ्यातल्या रेडिओसाठी तीन सेलचा बॅटरी पॅक

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीच मिळते. केळीला पाणी भरायला गेलेला माणूस मोटार चालू करून खाटेवर बसतो, मग सोबतीला काहीतरी बोलणारं लागतं. काकांसाठी मी १२ व्होल्टवर चालणारा रेडिओ एका डब्यात बसवून दिला होता. पण त्याला स्कूटरची बॅटरी लावलेली, म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर जड. म्हणून हा पॅक केला. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत असायचे तसले १८६५० चे तीन लिथियम सेल, सिरीजमध्ये, म्हणजे एकाचं मायनस पुढच्याच्या प्लसला जोडून. नावातच माप आहे: व्यास १८ मिमी, लांबी ६५ मिमी.

आधी हिशेब. एक सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट, तिघांचे मिळून १२.६. तुमचं सर्किट तेवढं सोसतं का ते बघा. रेडिओ सरासरी अर्धा अँपियर खात असेल, तर २५०० एमएएचचा (मिलिअँपियर-अवर, म्हणजे किती वीज साठते त्याचं माप; इथे अडीच अँपियर-तास) पॅक कागदावर पाच तास चालतो. मी चारच धरतो.

सेल घेताना लेबलावर ९९०० एमएएच दिसलं की पुढच्या दुकानात जा. या मापात खरा सेल साधारण ३५०० च्या आसपास थांबतो. हातात घेतला की ४५ ग्रॅमच्या जवळपास वजन लागतं, नकली बरेचदा हलका असतो. तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. प्रत्येक वेगवेगळा पूर्ण चार्ज करून आठवडाभर ठेवा आणि मल्टिमीटरने मोजा. जो बाकीच्यांपेक्षा खाली उतरलेला दिसेल तो बाद. जुन्या सेलचा व्होल्टेज २ च्या खाली गेला असेल, तर त्याला जिवंत करायच्या फंदात पडू नका.

आता जिथे बहुतेक जण घाई करतात ती जागा. सेलचं प्लसचं बटण आणि त्याच्या भोवतीची कड नीट बघा. ती कड मायनस आहे. सेलचा अख्खा डबाच मायनस असतो. दोघांमध्ये एक-दोन मिलीमीटरचं अंतर आणि वर पातळ प्लास्टिकचं आवरण, बस्स. माझ्या पहिल्या पॅकमध्ये निकेल पट्टीचा कोपरा त्या आवरणात घुसला. पट्टी क्षणात लाल झाली, आणि अंगठ्याला आलेला फोड आठ दिवस टिकला. तेव्हापासून प्रत्येक प्लसवर बार्ली पेपरची (वीज अडवणाऱ्या जाड कागदाची) चिकट चकती लावतो आणि पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करतो. अंगठी-कडं काढून ठेवा.

मधला सेल उलटा ठेवून तिन्ही चिकटवा. खालच्या बाजूला पहिल्याचं मायनस दुसऱ्याच्या प्लसला, वरच्या बाजूला दुसऱ्याचं मायनस तिसऱ्याच्या प्लसला. जोड ०.१५ मिमीच्या निकेल पट्टीने आणि स्पॉट वेल्डिंगनेच (क्षणभर मोठा करंट देऊन ठिपक्याएवढ्या जागी जोडणं) करायचा. सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवलं की उष्णता आत जाते आणि आतला प्लास्टिकचा पडदा खराब होऊ शकतो. मशीन नसेल तर ई-बाईकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडून मारून घ्या.

मग तीन सेलचा बीएमएस, म्हणजे सेलना जास्त चार्ज-डिस्चार्जपासून वाचवणारा छोटा बोर्ड; तोही बॅलन्सिंगवाला, म्हणजे तिन्ही सेल सारख्या पातळीवर ठेवणारा. तारा सेलवर नाही, पट्टीच्या मोकळ्या टोकाला सोल्डर करा. आधी तिसऱ्या सेलचं मायनस, मग वरची पट्टी, मग खालची, शेवटी पहिल्याचं प्लस. मायनसपासून मोजलं तर प्रत्येक पायरीला व्होल्टेज एका सेलने वाढला पाहिजे. नाही वाढला तर तिथेच थांबा. सगळं बरोबर असूनही आउटपुट शून्य दिसलं तर घाबरू नका, बरेच बोर्ड एकदा चार्जर लावला की जागे होतात. कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) गुंडाळा, वर पीव्हीसी स्लीव्ह चढवून हेअर ड्रायरने आवळा.

चार्जर १२.६ व्होल्टचा, लिथियमसाठीचाच. स्कूटरच्या बॅटरीचा किंवा घरात पडलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर नको. पहिला चार्ज ओट्यावर, फरशीवर, शेजारी वाळूची बादली ठेवून आणि स्वतः तिथे बसून.

आणि आपला उन्हाळा. असे सेल साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळची हवाच तिथवर जाते, पत्र्याच्या खोलीचं तर विचारूच नका. काका आता पहाटे मळ्यातून आले की पॅक ओसरीवर चार्जिंगला लावतात आणि ऊन चढायच्या आत काढून माठाशेजारी ठेवतात.